वाघोली-केसनंद पट्टा: कुठे काय बांधकाम चाललंय आणि कागद काय सांगतात

नगररोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

"वाघोलीत घर घेऊ का?" हा प्रश्न इथे कुठल्या ना कुठल्या धाग्यावर सतत येतो. उत्तरं देणारे जीव तोडून उत्तरं देतात, पण ती विखुरलेली राहतात आणि नवीन माणूस पुन्हा तेच विचारतो. म्हणून हा एकच धागा. वाघोली, केसनंद, आव्हाळवाडी, बकोरी रोड, बायफ रोड, लोणीकंद या सगळ्या पट्ट्यात चालू असलेल्या बांधकामांबद्दल जे ठाऊक असेल ते इथे लिहा. बिल्डरची जाहिरात नको, एजंटचा नंबर नको, आणि "असं ऐकलंय" एवढ्यावर कुणाची बदनामीही नको.

थोडी पार्श्वभूमी, म्हणजे कागद वाचताना गोंधळ होणार नाही. वाघोलीची ओळख पूर्वी दोन गोष्टींनी होती, वाघेश्वराचं देऊळ आणि दगडाच्या खाणी. पुण्यातल्या कितीतरी इमारतींची खडी इथल्या क्रशरवरून गेली. मग खराडीला आयटी पार्क आलं, तिथले दर वाढले आणि फ्लॅटची वस्ती नगर रोडने पुढे सरकली. कारभार तेव्हा ग्रामपंचायतीचाच होता. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, मार्च २०१५ मध्ये स्थापन झालं, त्याआधीच्या इमारतींना जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी असायची. ३० जून २०२१ रोजी वाघोलीसह २३ गावं पुणे महापालिकेत आली आणि पुढच्याच महिन्यात सरकारने या गावांचं नियोजन पीएमआरडीएकडे दिलं. म्हणजे मिळकतकर भरायचा एकीकडे आणि नकाशे मंजूर व्हायचे दुसरीकडे. पीएमआरडीएने २०२१ मध्येच जाहीर केलेला प्रारूप विकास आराखडा तर २०२५ मध्ये सरकारने रद्दच केला. त्यामुळे "आराखड्यात इथून मोठा रस्ता आहे" असं सेल्स ऑफिसमध्ये कुणी सांगितलं, तर कुठला आराखडा, कधीचा आणि आज तो लागू आहे का, हे विचारायलाच हवं.

आता मुद्द्याचं. साइटवर गेलं की आपल्याला दाखवतात ते स्लॅब. अमुक टॉवरचे इतके स्लॅब झाले, तमुकचं प्लास्टर चालू आहे. पण वाघोलीत राहायला आलेल्या कुणालाही विचारा, त्याचं दुखणं स्लॅबशी नसतं. पाणी, सांडपाणी, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आणि इमारतीपासून मुख्य रस्त्यापर्यंतचा तो शेवटचा तुकडा, यांतलं काहीतरी रखडलेलं असतं. इमारत वर चढते ती बिल्डरच्या पैशाने आणि बाकीचं सगळं यायचं असतं सरकारी गतीने. मधल्या काळात माणसं राहायला आलेली असतात.

यातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा कागद म्हणजे पाण्याचं हमीपत्र. जिथे पालिकेचं पाणी पोचलेलं नाही तिथे बिल्डरकडून लिहून घेतात, की स्थानिक संस्थेचं पाणी मिळेपर्यंत रहिवाशांना पाणी पुरवण्याची जबाबदारी माझी. या अटीवर परवानगी मिळते. अट परवानगीच्या कागदावर छापलेली असते. घर घेणारा तो कागद मागत नाही, बँकही फक्त आपल्या वकिलाचा अहवाल बघते, आणि पुढे टँकरचं बिल सोसायटीच्या गळ्यात पडतं.

तेव्हा कुठल्याही प्रकल्पाबद्दल लिहिताना काम कुठल्या टप्प्यावर आहे हे तर लिहाच, पण बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र किती मजल्यांचं आहे, पाणी कुठून येतं आणि समोरचा रस्ता नकाशात किती रुंद आणि जागेवर किती, हेही लिहा. माझ्याकडची माहिती मी टाकत राहीन.

सोसायटी_सचिव

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी इथल्या एका मोठ्या सोसायटीच्या कमिटीवर आहे, पाण्याचा विभाग माझ्याकडे आहे. सोसायटीचं आणि बिल्डरचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

उन्हाळ्यात आमच्या मेंटेनन्समधला सगळ्यात मोठा खर्च टँकरचा असतो. लिफ्ट, सिक्युरिटी, हाउसकीपिंग सगळं त्याच्या मागे. पहाटेपासून गेटवर टँकर लागतात. दहा हजार लिटरचा टँकर म्हणून पैसे मोजतो, पण तो काठोकाठ भरलेला असतोच असं नाही. म्हणून आमचा वॉचमन शिडीने वर चढतो, झाकण उघडतो, आत काठी घालून ओली खूण बघतो आणि मगच रजिस्टरवर सही करतो. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, त्याच्या खिशात असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी भरून आणलेला टँकर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो.

आणि टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध, हा समज कृपा करून काढून टाका. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड आणि किरकटवाडीच्या परिसरात, जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) साथ आली. तीही आपल्यासारखीच २०२१ ला पालिकेत आलेली गावं. तिथे दूषित पाण्याकडेच बोट दाखवलं गेलं. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. आम्ही तेव्हापासून टाकीत क्लोरीन तपासतो आणि प्रयोगशाळेकडून नमुने तपासून घेतो.

आता हमीपत्राबद्दल. आमच्या प्रकल्पाचं हमीपत्र आम्ही माहितीच्या अधिकारात काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की पाण्याची व्यवस्था विकसकाने स्वखर्चाने करायची. सोसायटी ताब्यात देताना बिल्डरच्या माणसांनी एक हस्तांतराचं पत्र पुढे केलं होतं, त्यात "यापुढे विकसकाकडून कोणतंही येणं नाही" असं एक वाक्य होतं. आम्ही ते खोडायला लावलं आणि मगच सही केली. ते वाक्य राहिलं असतं तर आज आम्हाला बोलायला जागा उरली नसती. ज्यांच्या सोसायट्या आत्ता हस्तांतराच्या टप्प्यावर आहेत त्यांनी कमिटीत एक वकील बसवा, खर्च झाला तरी चालेल.

बायफरोड_आबा

मी इथलाच. वडिलोपार्जित. नातवाने लिहून दिलं तर चालेल ना? मी बोलतो, तो टाइप करतो.

तुम्ही सगळे इमारतीचं बोलताय, मी जमिनीचं सांगतो. आमच्याकडं बाजरी, ज्वारी, थोडा कांदा व्हायचा. विहिरीला पाणी असायचं तेवढंच. जमीन गेली ती दोन पद्धतीनं. काहींनी सरळ खरेदीखत करून दिलं. काहींनी विकसन करारनामा केला, म्हणजे जमीन आपली, बांधणार तो, आणि बदल्यात इतके फ्लॅट किंवा विक्रीतला इतका हिस्सा. दुसऱ्या पद्धतीत कुलमुखत्यारपत्र द्यावं लागतं. शेतकऱ्यानं ते वाचलेलं नसतं. मुखत्यारपत्रात काय काय अधिकार दिले ते नंतर कळतं, तोवर जमीन बँकेकडं गहाण पडलेली असते.

सातबारावर नावं बघा किती असतात. चुलते, त्यांची मुलं, बहिणी. बहिणींचा हक्क कायद्यानं आहे, आणि तो असायलाच पाहिजे. पण आमच्याकडं पोरींना दोन साड्या देऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायची रीत होती. आता त्यांची पोरं शिकली, ती विचारायला लागली. चुकीचं काही नाही त्यात. पण मग दावा उभा राहतो आणि अर्धी बांधलेली बिल्डिंग तशीच राहते. म्हणून घर घेणाऱ्यानं नुसता आजचा सातबारा बघू नये, जुने फेरफार बघावेत. कोण वारला, कुणाचं नाव लागलं, कुणाचं राहिलं, सगळं फेरफारात असतं.

दुसरी गोष्ट ओढ्यांची. आमच्या लहानपणी पावसाळ्यात जे ओढे ओलांडायला दोर धरावा लागायचा, ते आज कंपाउंडच्या भिंतीमागं पाइपात गेलेत. पाणी वाट विसरत नाही. रस्त्यावर पाणी साठलं की पोरं महापालिकेला शिव्या देतात. पण भराव कुणी टाकला, कुठं टाकला, हेबी बघा की.

जोते_ते_गच्ची

आबा, नमस्कार. तुमच्या प्रतिसादात जे आलं ते आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. मी साइट इंजिनिअर आहे, या पट्ट्यात आणि आसपास काम केलंय. एक विचारायचं होतं: जुन्या खाणी नक्की कुठे कुठे होत्या, हे तुम्हाला आठवत असेल. त्यातल्या किती बुजवल्या गेल्या?

विचारण्याचं कारण सांगतो. आपल्याकडे वरचा मुरूम काढला की खाली काळा पाषाण लागतो. इमारतीसाठी याहून चांगला पाया नाही. पण जिथे खाण खोदून दगड काढलाय आणि नंतर राडारोडा, माती, कचरा टाकून ती भरलीय, तिथे वरून जमीन सपाट दिसते आणि खाली भरीव काहीच नसतं. तिथेही बांधता येतं, पण पाया भराव ओलांडून खडकापर्यंत न्यावा लागतो. मोठ्या इमारतीचा पाया सहसा नीट केलेला असतो. गोची होते ती बाजूच्या गोष्टींची: पार्किंगची फरशी, कंपाउंडची भिंत, ड्रेनेजचे चेंबर, आतले रस्ते. ते भरावावर बसतात आणि दोन पावसाळ्यांत खचतात. म्हणून बिल्डरकडे माती-परीक्षणाचा अहवाल मागा. त्यात प्रत्येक बोअरला किती खोलीवर खडक लागला ते लिहिलेलं असतं. एका टोकाला दोन मीटरवर आणि दुसऱ्या टोकाला बारा मीटरवर असेल तर पुढचे प्रश्न विचारा.

आता वरच्या कामाबद्दल. हल्ली उंच इमारती ॲल्युमिनियमच्या फॉर्मवर्कने करतात, सगळे त्याला मायव्हन म्हणतात. भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटने भरतात, त्यामुळे आठ-दहा दिवसांत एक मजला निघतो. लोक घाबरतात की इतक्या लवकर म्हणजे काम कच्चं. तसं नाही. प्लेटा लवकर काढल्या तरी स्लॅबखालचे टेकू ठेवायचे असतात. भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू कमीत कमी ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस, आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमखाली २१ दिवस. म्हणजे चालू मजल्याच्या खालच्या मजल्यावर तुम्हाला टेकूंचं जंगल दिसलं तर काळजी करू नका. एकही टेकू दिसला नाही तर मात्र करा.

दुसरं, पाणी मारणं. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि फ्लाय ॲशवाल्या सिमेंटला १० दिवस काँक्रीट सतत ओलं ठेवायचं असतं. स्लॅबवर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून वाफे करतात आणि पाणी तुंबवतात. उभ्या भिंतींवर गोणपाट किंवा क्युरिंग कंपाउंड. वाघोलीत पाणी विकत आणावं लागतं, त्यामुळे पहिली काटकसर इथेच होते. पुणे महापालिकेने बांधकामाला मैलाशुद्धीकरण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी वापरणं बंधनकारक केलंय, आणि ते योग्यच आहे. पिण्याचा टँकर स्लॅबवर ओतणं हे इथल्या माणसांवर अन्यायाचं आहे. दुपारी साइटवर गेलात तर कालच्या-परवाच्या स्लॅबकडे बघा. पांढरा, कोरडा, वर बारीक जाळीसारख्या भेगा असेल तर सुपरवायझरला तिथेच विचारा. ग्राहकाने विचारलं की आमच्यासारख्यांचंही बळ वाढतं. आम्ही वरिष्ठांना सांगू शकतो, "पार्टीने विचारलं."

मस्कतहून

दोन वर्षांनी परत यायचा विचार आहे. एजंट सांगतो मेट्रो आली की दर दुप्पट, आत्ताच बुक करा. खरं काय?

नगररोडकर (धागाकर्ता)

खरं एवढं की वनाझ-रामवाडी मार्गातला रूबी हॉल ते रामवाडी हा तुकडा ६ मार्च २०२४ ला सुरू झाला. तो मार्ग दोन्ही टोकांना वाढवायला, म्हणजे इकडे रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी आणि तिकडे वनाझ ते चांदणी चौक, केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. दोन्ही मिळून १२.७५ किमी, १३ स्थानकं, खर्च ३,६२६ कोटी रुपये आणि चार वर्षांची मुदत ठरवलेली.

दर दुप्पट होतील की नाही हे एजंटला कळत नाही आणि मलाही. पण खांब उभे राहायला लागले की नगर रोड काही वर्षं आणखी अरुंद होणार, हे नक्की. राहायला घर घेणार असाल तर ती वर्षं हिशेबात धरा. गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर बंद फ्लॅटचा मेंटेनन्स आणि टँकरचा वाटाही भरावा लागतो, तो धरा.

पहिलं_घर

वाचून जरा वाईट वाटलं म्हणून लिहितोय. इथे घर घेतलेल्यांनी डोळे मिटून घेतलं असं नाही हो. मी आणि बायको दोघं नोकरी करतो, खराडीत भाड्याने राहत होतो. खराडीतल्या वन बीएचकेच्या किमतीत इथे टू बीएचके मिळाला. मुलाला स्वतःची खोली मिळाली, आई गावाहून येऊन राहू शकते. शाळा जवळ आहे, बाजार जवळ आहे, शेजार चांगला आहे. पाण्याचा त्रास आहे, सकाळच्या ट्रॅफिकचा आहे. पण शहराच्या मध्यावर घर घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाने जायचं कुठे? प्रश्न आम्ही इथे का आलो हा नसावा. आम्ही येणार हे परवानगी देणाऱ्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं, मग पाणी का आलं नाही, हा असावा.

सोसायटी_सचिव

पहिलं_घर, अगदी मनातलं बोललात. भामा आसखेड धरणाचं पाणी २०२१ च्या सुरुवातीला पूर्व पुण्यात आलं, तेव्हा इथे सगळ्यांना वाटलं की आता आपलाही नंबर लागेल. पुढे पाण्याचा प्रश्न जनहित याचिकेने मुंबई उच्च न्यायालयातही गेला. आपण घर घेतलं म्हणून दोषी नाही. कर भरतो तर पाणी मागणं हा हक्क आहे, आणि तो मागायचा तर हातात कागद हवा. म्हणून मी हमीपत्राचा धोशा लावते.

वकिली_पुणे

इथली चर्चा चांगल्या वळणावर आहे, माझ्या बाजूची भर घालतो. हा सर्वसाधारण सल्ला समजा, प्रत्येक प्रकरणाचे कागद वेगळे असतात.

पहिली गोष्ट: महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नंबर आहे म्हणजे सगळं तपासलेलं आहे, असं धरून चालू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेरा नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. हजारो कुटुंबं कर्जाचे हप्ते भरत होती, त्यांच्या हातात नोंदणीकृत करार होते. म्हणून प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख महारेराच्या संकेतस्थळावरून घ्या आणि ज्या कार्यालयाने ते दिलं म्हणतात तिथे जाऊन पडताळा. वर नगररोडकरांनी कार्यालयांचा जो इतिहास दिलाय तो याच कामाचा आहे: कुठल्या वर्षी कुणाचा शिक्का असायला हवा, ते त्यातून कळतं.

दुसरी: "फिटआउटसाठी ताबा". भोगवटा प्रमाणपत्र आलेलं नसताना चाव्या देतात, "इंटिरिअर तर सुरू करा" म्हणतात, आणि तुमच्याकडून ताबा मिळाल्याची सही घेतात. सही झाली की उशिराबद्दल व्याज मागताना तीच सही तुमच्यापुढे ठेवतात. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ताब्याला उशीर झाला तर प्रकल्प सोडून व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा प्रकल्पात राहून दरमहा व्याज मागता येतं. हा हक्क चाव्यांच्या मोहापायी घालवू नका. भोगवटा नसलेल्या इमारतीला पालिकेच्या पाण्याची जोडणीही अडते, म्हणजे सचिवताईंच्या मुद्द्याशी हे थेट जोडलेलं आहे.

तिसरी: नकाशातले बदल. बुकिंगच्या वेळी बाग दाखवलेली असते, पुढे तिथे नवीन विंग येते. मंजूर नकाशात असा बदल करायचा तर कलम १४ प्रमाणे दोन तृतीयांश घरधारकांची लेखी संमती लागते. ही संमती हल्ली करारनाम्यातच एका परिच्छेदात आधीच लिहून घेतात. तो परिच्छेद शोधा आणि त्यावर बोला. बांधकामातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत आढळला तर तो विकसकाने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, हेही त्याच कलमात आहे. फोटो, तारीख, ईमेल, तिन्ही जपून ठेवा.

गुंठावाला_नको

फ्लॅटचं झालं, प्लॉटचंही कुणीतरी लिहा. केसनंदच्या पुढे, वाडेबोल्हाईच्या बाजूला रस्त्याच्या कडेला बोर्ड लागलेत, "एनए प्लॉट, सुलभ हप्ते". एनए म्हणजे बिगरशेती, पण माझ्या मावसभावाने चौकशी केली तेव्हा कळलं, शेतजमीनच आहे. खरेदीखत होणार ते सामाईक, एका सातबाऱ्यावर दहा-बारा अनोळखी माणसांची नावं लागणार, आणि कुणाचा गुंठा कुठला हे फक्त चुन्याच्या फक्कीवर.

बायफरोड_आबा

गुंठावाला, बरोबर सांगितलं. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, कागदावर छान वाटतो. पण सामाईकात मोजणी आणायची तर सगळ्यांच्या सह्या लागतात. एक मुंबईला, एक दुबईला, एक वारला. फक्की पहिल्या पावसात वाहून जाती. ज्याला प्लॉट घ्यायचा त्यानं एनएचा आदेश आणि मंजूर रेखांकन बघावं, आणि रस्ता खरंच आपल्या प्लॉटपर्यंत येतो का ते पायी चालून बघावं. पुष्कळ ठिकाणी मधली पट्टी दुसऱ्याच्या मालकीची असती आणि तो खुशाल तारेचं कंपाउंड घालतो.

इंजिनिअर, तुमचा खाणींचा प्रश्न. नावानिशी इथं लिहिलं तर उगाच कुणाचं नुकसान होईल. तुम्ही गावात या, मी गाडीवर बसून दाखवतो.

जोते_ते_गच्ची

आबा, नक्की येतो.

साइटशाळा

सगळे प्रतिसाद वाचले. एक बाजू अजून आली नाही, म्हणून लिहिते.

आम्ही काही जणी या भागातल्या साइटवर मजुरांच्या मुलांना शिकवतो. पत्र्याच्या खोल्या, एका रांगेत वीस-पंचवीस. मे महिन्यात आत बसवत नाही, म्हणून वर्ग पार्किंगच्या स्लॅबखाली घेतो. मुलं विदर्भातली, मराठवाड्यातली, छत्तीसगड-बिहारमधली. एका मुलीला वहीत घर काढायला सांगितलं तर तिने बारा मजले काढले आणि खाली पत्र्याची खोली रंगवली. ती म्हणाली, "हे पप्पांचं, हे आमचं."

डिसेंबर २०२४ मध्ये केसनंद फाट्याजवळ रात्री फुटपाथवर झोपलेल्या माणसांवर डंपर चढला. तिघं गेली, त्यांत दोन लहान मुलं. ही माणसं अमरावतीकडून कामासाठी आली होती. २०१९ च्या जूनमध्ये कोंढव्यात कंपाउंडची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. प्रत्येक वेळी चार दिवस बातम्या येतात. मग पुन्हा तीच रात्रीची डंपरची रांग, आणि फुटपाथवर झोपणारी तीच माणसं.

इथे घर घेणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. साइट बघायला जाता तेव्हा सॅम्पल फ्लॅटबरोबर लेबर कॅम्पही बघा. भराव किंवा खोदकामाच्या कडेला तर तो नाही ना? पाणी, संडास, पाळणाघर आहे का? बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगारांसाठी घेतला जातो. वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराची कल्याणकारी मंडळात नोंदणी होऊ शकते, मुलांना शिष्यवृत्ती मिळते. अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर, कारण तो ठेकेदाराने द्यायचा असतो आणि ठेकेदार टाळतो. तुमच्या बिल्डरला एका ओळीचा ईमेल लिहा, की कामगारांच्या नोंदणीचं काय झालं. ग्राहकाचा ईमेल आला की ऑफिसमध्ये फाइल हलते, हे मी स्वतः पाहिलंय.

पहिलं_घर

साइटशाळा, आमच्या फेज-दोनचं काम चालू आहे, कॅम्प आमच्या मागच्या भिंतीलाच आहे. उद्याच ईमेल करतो, आणि सोसायटीच्या ग्रुपवरही टाकतो. क्लबहाउसमध्ये दुपारी वर्ग घ्यायला जागा देता येईल का, हेही मीटिंगमध्ये मांडतो.

साइटशाळा

खूप आभार. पंखा आणि फळा असला तरी पुरे.

नवखा_खरेदीदार

कालपासून हा धागा वाचतोय. तातडीचा प्रश्न आहे. बकोरी रोडला एका प्रकल्पात विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट आवडलाय. वर वाचून महारेराच्या संकेतस्थळावर गेलो, तर प्रारंभ प्रमाणपत्र चौदा मजल्यांपर्यंतचं दिसतंय. सेल्सवाले म्हणतात, "वरचे मजले प्रोसेसमध्ये आहेत, महिन्याभरात येतील, तोपर्यंत वीस टक्के भरून टाका म्हणजे हा दर टिकेल." काय करू?

वकिली_पुणे

वीस टक्के भरू नका. रेराच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायलाच परवानगी नाही. त्यामुळे त्यांची मागणीच मुळात कायद्याला धरून नाही.

विसावा मजला हा भाग वेगळा समजून घ्या. बिल्डर आधी मूळ एफएसआयवर (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं तो निर्देशांक) काही मजले मंजूर करून घेतो, मग प्रीमियम भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क) विकत घेऊन वरचे मजले वाढवतो. हे नियमात बसतं आणि सर्रास होतं. पण किती वाढवता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. रस्ता नकाशात रुंद असेल आणि त्याची जागाच ताब्यात आलेली नसेल, तर वरचे मजले अडकू शकतात. महारेराच्या पानावर "मंजूर" आणि "प्रस्तावित" असे दोन वेगळे आकडे असतात. तुमचा मजला प्रस्तावितमध्ये आहे, म्हणजे आज तो कायद्याच्या नजरेत अस्तित्वात नाही.

घर मनापासून आवडलं असेल तर चौदाव्याच्या आतला फ्लॅट मागा. तो नसेल तर लेखी घ्या, की अमुक तारखेपर्यंत विसाव्या मजल्याची परवानगी आली नाही तर सगळी रक्कम व्याजासह परत. लेखी द्यायला तयार नसतील तर उठून या.

नगररोडकर (धागाकर्ता)

नवखा, वकीलसाहेबांचं ऐकाच. आणि परवानगीची प्रत मागाल तेव्हा शेवटची दोन पानं आधी वाचा, पाण्याची आणि रस्त्याची अट तिथेच बारीक अक्षरात असते. प्रत मिळाली की प्रकल्पाचं नाव झाकून त्या अटी इथे टाका. बकोरी रोडवर बघणारे अजून तीन-चार जण मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारताहेत, त्यांनाही उपयोग होईल.